वही मिटून अभ्यास: मराठी माध्यमातून बीएस्सीला आलेल्यांसाठी

बीएस्सीच्या पहिल्या सेमिस्टरला मला दोन विषयांत केटी लागली, म्हणजे नापास झाल्याने ते पेपर पुन्हा द्यावे लागणार होते. अभ्यास केला नव्हता असं अजिबात नाही. मेकॅनिक्सची वही मी पाच वेळा वाचली होती, महत्त्वाच्या ओळींवर पिवळा हायलायटर फिरवला होता. पेपरात बर्नोलीचं प्रमेय (वाहत्या द्रवाचा दाब, वेग आणि उंची यांचं नातं) सिद्ध करायला आलं. वहीतलं ते पान डोळ्यांसमोर होतं, उजव्या कोपऱ्यातली निमुळती होत गेलेली नळीही दिसत होती. आकृती काढली, दोन ओळी लिहिल्या, आणि तिसरी ओळ काही केल्या आठवेना.

त्या पेपरने मला एक गोष्ट शिकवली. वाचताना ओळखीचं वाटणं वेगळं आणि कोऱ्या कागदावर उतरवता येणं वेगळं. परीक्षेत दुसरं लागतं आणि आपण महिनोन्‌महिने सराव पहिल्याचा करतो.

आपण हे लहानपणी बरोबर करत होतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत पाढे कसे पाठ झाले? पुस्तकातला सत्तावीसचा पाढा हायलायटरने रंगवून नव्हे. पुस्तक बाजूला ठेवून म्हटला, अडखळलो तिथे बाईंनी सांगितलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हटला. कॉलेजात आल्यावर ही पद्धत सोडून देतो, कारण वही हातात धरून वाचणं सोपं वाटतं.

मी फिजिक्सचा, त्यामुळे उदाहरणं फिजिक्सची आहेत. पण कॉमर्स, आर्ट्स, इंजिनिअरिंग कुठेही असाल तरी बहुतेक पायऱ्या जशाच्या तशा लागू पडतील.

जवळ काय हवं

- विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून उतरवलेला तुमच्या वर्षाचा, तुमच्या पॅटर्नचा सिलॅबस, छापून घेतलेला
- मागच्या तीन-चार वर्षांचे पेपर (कॉलेजच्या ग्रंथालयात मिळतात)
- ग्रंथालयाचं कार्ड आणि प्रत्येक विषयाचं एक नेमलेलं पुस्तक
- शंभर पानी दोन वह्या: एक शब्दवही, एक चुकांची वही
- एका बाजूने कोरे असलेले कागद, भरपूर
- साधी पाटी आणि पेन्सिल. हो, पहिलीतली पाटी. कशासाठी ते चौथ्या पायरीत सांगतो
- भिंतीवर लावायचं कॅलेंडर, ज्यात तारखेखाली लिहायला जागा आहे

## १. पहिल्याच आठवड्यात सिलॅबस वाचा

बहुतेक मुलं सिलॅबस परीक्षेच्या आधी पंधरा दिवस बघतात. तुम्ही पहिल्या आठवड्यात बघा. त्यात प्रत्येक युनिटसमोर तासांची संख्या असते. ज्या युनिटला बारा तास दिलेत आणि ज्याला चार, त्यांना सारखा वेळ देऊन चालणार नाही. इंटर्नलला किती गुण, लेखी परीक्षेला किती, दोन्हींत वेगवेगळं पास व्हावं लागतं का, हे सिलॅबसमध्ये किंवा परीक्षेच्या नियमावलीत लिहिलेलं असतं. हॉस्टेलवरच्या सिनियरच्या सांगण्यावर विसंबू नका. पॅटर्न दर काही वर्षांनी बदलतो आणि सिनियर स्वतःच्या वर्षाचा नियम सांगत असतो.

हजेरीचंही आत्ताच पाहून ठेवा. बहुतेक ठिकाणी ७५ टक्क्यांची अट असते. सणाला गावी गेल्यावर चार दिवस वाढवून राहण्याआधी ती आठवावी.

## २. तासाला बसताना वहीचे दोन भाग करा

वहीला डावीकडे तांबडी मार्जिन असते ती पुरत नाही. पट्टीने डावीकडून सहा सेंटिमीटरवर उभी रेघ मारा. उजव्या मोठ्या भागात सर सांगतील ते लिहायचं, डावी बाजू तासाला रिकामी ठेवायची. त्याच दिवशी संध्याकाळी त्या रिकाम्या जागेत, शेजारच्या मजकुराचं उत्तर निघेल असे प्रश्न लिहायचे. पानाच्या तळाशी दोन ओळींत सार. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातले वॉल्टर पॉक यांनी १९५०च्या दशकात ही पद्धत रूढ केली, म्हणून तिला कॉर्नेल नोट्स म्हणतात.

मी त्यात एक बदल केला: डावीकडचे प्रश्न मराठीत लिहायचे. "द्रव अरुंद जागी आला की दाब कमी का होतो?" असा प्रश्न मला मराठीत सुचला, तर मला विषय कळला आहे. मराठीत प्रश्न सुचत नसेल तर मी फळ्यावरचं नुसतं उतरवून घेतलं आहे, आणि दुसऱ्या दिवशी सरांना विचारायला जायचं आहे.

इथे हमखास फसायला होतं ते फळ्याच्या फोटोंनी. मोबाइलमध्ये फोटो काढला की काम झाल्यासारखं वाटतं. असे शेकडो फोटो माझ्याकडे होते आणि परीक्षेआधी त्यातला कुठला कोणत्या तासाचा हे शोधण्यात एक अख्खी दुपार गेली. आकृती फारच गुंतागुंतीची असेल तर फोटो जरूर काढा, पण त्याच रात्री तो वहीत उतरवा आणि मोबाइलमधून काढून टाका.

## ३. शब्दवही

मराठी माध्यमातून आलेल्यांची खरी अडचण फिजिक्स नसते, शब्द असतात. दहावीपर्यंत आपण त्वरण, संवेग, जडत्व, विभवांतर शिकलेलो असतो. अकरावी-बारावीत हे शब्द इंग्रजी झाले तरी शिकवणं निम्मं मराठीत होतं, म्हणून निभावून जातं. कॉलेजात सर एका दमात अ‍ॅक्सिलरेशन, मोमेंटम, इनर्शिया म्हणून पुढे जातात, आणि आपल्याला आपल्याच ओळखीच्या गोष्टी अनोळखी वाटू लागतात. मग "मला इंग्रजी येत नाही" वरून "मला फिजिक्स येत नाही" इथपर्यंत मन आपोआप घसरतं. ते घसरू देऊ नका. मोमेंटम म्हणजे संवेग, वस्तुमान गुणिले वेग. तो तुम्ही नववीतच शिकलात.

वहीच्या पानाचे तीन रकाने करा: इंग्रजी शब्द आणि त्याचं स्पेलिंग, मराठी शब्द, आणि तो शब्द वापरून पुस्तकातलं एक पूर्ण इंग्रजी वाक्य. तिसरा रकाना टाळायचा मोह होतो, पण तोच कामाचा आहे, कारण पेपरात शब्द नाही, वाक्य लिहायचं असतं. रोज पाच शब्द पुरतात. मराठी प्रतिशब्द सापडत नसेल तर राज्य सरकारच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश इंटरनेटवर मोफत पाहता येतात.

समजून घ्यायचं मराठीत, अगदी घरच्या बोलीत. लिहायचा सराव मात्र परीक्षेच्या भाषेत. इंग्रजी वाक्यं छोटी ठेवा, एका वाक्यात एकच गोष्ट. कला आणि वाणिज्य शाखांत अनेक ठिकाणी मराठीतून उत्तरं लिहायची मुभा असते. तुमच्याकडे ती असेल तर कोणत्या विषयांना आहे ते ऑफिसात विचारून घ्या.

## ४. वही मिटा आणि लिहा

बाकी काही जमलं नाही तरी ही पायरी सोडू नका.

एखादा भाग एकदा नीट समजून वाचा. वही मिटा. कोरा कागद घ्या. आठवेल ते सगळं लिहा: व्याख्या, आकृती, पायऱ्या, सूत्रं. अडलात तर लगेच वही उघडायची नाही. दोन-तीन मिनिटं तसंच बसा. हा वेळ फार अस्वस्थ करतो, पण आठवण्याची ती धडपडच पक्की करते. मग वही उघडून लाल पेनने चुकलेलं आणि राहिलेलं भरा. कागद बाजूला ठेवा, दुसरा घ्या, पुन्हा.

पाटी इथे कामाला येते. हॉस्टेलवर कागद संपले म्हणून मी बाजारातून एक पाटी आणली होती. तिच्यावर बर्नोली लिहायचो: नळीच्या एका टोकाला दाब आणि क्षेत्रफळ, दुसऱ्या टोकाला दाब आणि क्षेत्रफळ, दोन्हीकडचं कार्य, त्यांची वजाबाकी. मग गतिज ऊर्जेतला फरक, स्थितिज ऊर्जेतला फरक. सगळं पुसायचं. पुन्हा लिहायचं. तिसऱ्या दिवशी माझ्या ध्यानात आलं की मी दर वेळी एकाच जागी अडतोय: दोन्ही टोकांना ठरावीक वेळात जाणाऱ्या द्रवाचं आकारमान सारखं असतं हे लिहायचं राहून जातं, आणि ते न लिहिता पुढची ओळ येऊच शकत नाही. पेपरात जी तिसरी ओळ आठवली नव्हती ती हीच. पाच वेळा वाचूनही मला ही जागा दिसली नव्हती, कारण वाचताना ती ओळ समोरच असायची. पाटीवर ती नसायची, म्हणून तिथे दिसली.

हा माझ्या एकट्याचा अनुभव नाही. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली कॉलेजच्या मुलांवर एक प्रयोग केला. काहींनी एक उतारा दोनदा वाचला. काहींनी एकदा वाचून मग तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर दोनदा वाचणारे थोडे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के भाग आठवत होता, दोनदा वाचणाऱ्यांना ४२ टक्के. आपण फसतो ते त्या पाच मिनिटांनी. वही वाचून ठेवली की लगेच "येतंय" असं वाटतं, पण आपला पेपर पाच मिनिटांनी नसतो.

हायलायटरबद्दलही सांगून टाकतो. जॉन डन्लॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या. स्वतःची परीक्षा घेणं आणि अभ्यास अंतराअंतराने वाटून करणं या दोन सर्वांत उपयोगी ठरल्या. ओळी रंगवणं आणि तेच ते पुन्हा वाचणं कमी उपयोगाच्या गटात गेलं. मी माझा हायलायटर रूम पार्टनरला देऊन टाकला.

टॉपरच्या नोट्सची झेरॉक्स घेण्याचा सापळाही याच पायरीत येतो. त्या नोट्स चांगल्या असतात, पण त्या तयार करताना जे कष्ट झाले ते त्याच्या डोक्यात राहिले, कागदावर आले नाहीत. झेरॉक्स घेतलीत तर ती उत्तरं तपासायला वापरा: आधी आपलं लिहा, मग तिच्याशी ताडून बघा.

एकटं बसून कंटाळा आला तर मित्राला शिकवा. आम्ही तिघं रात्री जेवणानंतर हॉस्टेलच्या पायऱ्यांवर बसायचो. एकाने वहीशिवाय समजावायचं, बाकीच्यांनी "का?" विचारायचं. तिसऱ्या "का?"ला जो अडकेल त्याने दुसऱ्या दिवशी उत्तर आणायचं. तिघांपेक्षा जास्त जण जमले की गप्पा सुरू होतात, हेही तिथेच कळलं.

## ५. उजळणीच्या तारखा आधीच लिहा

हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ साली स्वतःच्या स्मरणशक्तीवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करायच्या आणि किती टिकतं ते मोजायचं. त्याला दिसलं की विसरणं पहिल्या तासाभरात सर्वांत वेगाने होतं, एका दिवसापर्यंत बरंच निसटतं आणि नंतर घसरण मंदावते. समजून शिकलेलं इतक्या झपाट्याने जात नाही, पण क्रम तसाच राहतो. म्हणून पहिली उजळणी त्याच दिवशी हवी.

मी कॅलेंडरवर असं लिहायचो. सोमवारी कार्नो इंजिन (उष्णतेपासून काम मिळवणारं कल्पित आदर्श इंजिन) शिकवलं. सोमवारी रात्री दहा मिनिटं वही मिटून. मग गुरुवारच्या चौकोनात "कार्नो", पुढच्या सोमवारी "कार्नो", आणि महिन्याने एकदा "कार्नो". दर वेळी फक्त आठवून लिहायचं आणि लाल पेनने भरायचं. चौथ्या खेपेला सहा-सात मिनिटांत होतं.

दोन-तीन आठवड्यांनी चौकोन गच्च भरायला लागतात आणि घाबरायला होतं. तेव्हा जे भाग दोनदा बिनचूक आले ते पुढे ढकला, जे चुकतात ते जवळ ओढा. एखादा दिवस बुडला तर सगळं वेळापत्रक नव्याने आखत बसू नका, त्या दिवसाचं रविवारी करा. वेळापत्रक रंगीत पेनांनी आखण्यात मी पूर्वी अख्ख्या संध्याकाळी घालवल्या आहेत.

## ६. गणितं मिसळा, चुका साठवा

एकाच प्रकारची वीस गणितं ओळीने सोडवली की हात बसतो, पण कुठलं सूत्र लावायचं हे ठरवायची वेळच येत नाही. पेपरात मुख्य काम तेच असतं. प्रकार समजायला पहिली चार-पाच ओळीने करा, नंतर तीन प्रकरणांतली गणितं चिठ्ठ्यांवर लिहून एका डब्यात टाका आणि न बघता एकेक काढा.

चुकांच्या वहीत प्रत्येक चूक तीन ओळींत लिहा: काय केलं, काय करायला हवं होतं, पुढच्या वेळी कशावरून ओळखायचं. माझ्या वहीतली एक नोंद देतो.

कार्नो इंजिनची कार्यक्षमता काढायची होती. उष्ण बाजू १२७ अंश सेल्सिअस, थंड बाजू २७. मी एकमधून सत्तावीस भागिले एकशे सत्तावीस वजा केलं, उत्तर जवळपास ७९ टक्के आलं. तापमान केल्विनमध्ये घ्यायला हवं होतं: ४०० आणि ३००, म्हणजे कार्यक्षमता २५ टक्के. खाली लिहिलं आहे: "तापमानांचा भागाकार दिसला की आधी केल्विन." त्यानंतर ही चूक माझ्याकडून झाली नाही.

"सिली मिस्टेक" म्हणून चूक सोडून देऊ नका. महिन्याभराने वही चाळली की दिसेल, तीच चूक चार वेळा झालेली असते.

## ७. प्रॅक्टिकल आणि जर्नल

जर्नल त्याच आठवड्यात पूर्ण करा. सबमिशनच्या आदल्या रात्री दुसऱ्याचं समोर ठेवून उतरवलेलं जर्नल सर्टिफाय होतं, पण ओरलला उघडं पडतं. ओरलचे पहिले प्रश्न उपकरणावर असतात: हे काय, याचा लीस्ट काउंट (त्याने मोजता येणारं सर्वांत लहान माप) किती, कसा काढला. नेहमीच्या व्हर्नियर कॅलिपरचा ०.०१ सेंटिमीटर, स्क्रू गेजचा ०.०१ मिलिमीटर. आकडा पाठ असून भागत नाही, तो कसा आला हे उपकरण हातात धरून सांगता यायला हवं. शून्य त्रुटी, म्हणजे काहीच मोजत नसताना उपकरण शून्य दाखवतं का, हे तपासायला विसरू नका. आणि वाचन चुकलं तर चुकलेलंच लिहून पुन्हा घ्या, मित्राच्या वहीतला आकडा घेऊ नका.

## ८. वेळ

मी कमवा आणि शिका योजनेत होतो, रोज तीन तास ग्रंथालयात पुस्तकं लावायचं काम. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं तेच या तत्त्वावर, आणि आज कितीतरी मुलं त्याच्या आधाराने शिकतात. काम करत शिकणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं: तुमचा वेळ कमी आहे, तेव्हा वाचत बसण्याची चैन तुम्हाला परवडणार नाही. वही मिटून केलेला पाऊण तास उघड्या वहीच्या तीन तासांना भारी पडतो.

पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं विश्रांती, चार फेऱ्यांनी मोठी सुट्टी. इटलीच्या फ्रान्चेस्को चिरिलो यांनी विद्यार्थी असताना स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ लावून ही पद्धत सुरू केली; पोमोदोरो म्हणजे इटालियनमध्ये टोमॅटो. डेरिव्हेशनला (सूत्र पायरीपायरीने सिद्ध करायला) पंचवीस मिनिटं तोकडी पडतात, मी चाळीस घ्यायचो. घड्याळ मात्र मोबाइलचं नको. मोबाइल दुसऱ्या खोलीत, किंवा बंद करून मित्राच्या कपाटात.

झोप सहा तासांच्या खाली नेऊ नका. जागून वाचलेलं सकाळी पेपरात दगा देतं.

## ९. जुने पेपर

परीक्षेला सहा आठवडे असताना जुने पेपर काढा. छापलेल्या सिलॅबसवर, कुठल्या भागावर कुठल्या वर्षी प्रश्न आला ते पेन्सिलीने टिपा. कुठे जोर आहे ते दिसेल. पण यातून आयएमपीची यादी काढून बाकीचं सोडून देऊ नका. माझ्या एका मित्राने दोन युनिट ऑप्शनला टाकली आणि त्या वर्षी सक्तीचा प्रश्न नेमका त्यातूनच आला. जुन्या पॅटर्नचा पेपर हाती लागला असेल तर त्याची गुणविभागणी धरू नका, प्रश्न तेवढे सोडवा.

निदान दोन पेपर घड्याळ लावून, एका बैठकीत, पुस्तक न उघडता सोडवा. ७० गुणांना अडीच तास असतील तर एका गुणाला दोन मिनिटांपेक्षा थोडासाच जास्त वेळ मिळतो. म्हणजे पाच गुणांच्या उत्तराला दहा मिनिटं, त्यातच आकृती. हे हाताला आधी कळलेलं बरं.

## १०. पेपर आणि निकाल

आदल्या रात्री हॉल तिकीट, कॉलेजचं ओळखपत्र, दोन पेनं, पेन्सिल, पट्टी आणि चालत असेल तर कॅल्क्युलेटर पिशवीत घाला. पेपर हातात आला की पहिली पाच मिनिटं फक्त वाचा आणि जे पक्कं येतं त्याने सुरुवात करा. डेरिव्हेशन अडलं तर अर्धं पान मोकळं सोडून पुढे जा. जिथवर येतं तिथवर लिहाच, आकृतीला आणि पहिल्या पायऱ्यांनाही गुण असतात.

केटी लागलीच तर उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवा. त्यासाठी निकालानंतर मोजकेच दिवस असतात आणि शुल्क असतं, तेव्हा निकालाच्या दिवशीच अंतिम तारीख बघा. सोबत लागतात ते गुणपत्रिकेची प्रत, आसन क्रमांक आणि पैसे भरल्याची पावती. गुण वाढतील न वाढतील, त्यासाठी पुनर्मूल्यांकनाचा अर्ज वेगळा. पण स्वतःचा पेपर परीक्षकाच्या नजरेने वाचायला मिळतो. माझ्या मेकॅनिक्सच्या फोटोकॉपीत बर्नोलीखाली दोन ओळी आणि बाकी कोरं पान होतं. ते पान मी चुकांच्या वहीच्या पहिल्या पानाला चिकटवलं, आणि पुढच्या सेमिस्टरला मेकॅनिक्सचा पेपर पुन्हा दिला तेव्हा तो सुटला.